कोरीनच्या नावाचा कायदा

बटाट्यांची सालं पडावीत म्हणून टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रातून, त्या ओल्या सालांच्या ढिगाखालून, कोरीन हसत होती!

लिओटाच्या हातातला चाकू जागच्या जागी थांबला. सत्तावन्न वर्षांपूर्वी जमिनीखाली गेलेली आपली धाकटी बहीण, तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या फोटोत होती तशीच, कपाळावर केसांची फुगवलेली बट आणि एका गालावर खळी घेऊन, आज मंगळवारी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसावी... ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या काळजाने हे कसं सोसावं? तिने सालं बाजूला सारली आणि चष्मा नाकावर ओढून ती वाचू लागली.

'कोरीनचा कायदा.' सिनेटर मार्लिस हॅगन यांनी आपल्या दिवंगत भगिनीच्या स्मरणार्थ आणलेलं विधेयक. राज्यात गर्भपातावर संपूर्ण बंदी. अपवाद एकच, बाईच्या प्राणालाच धोका असेल तर. आणि तो धोका खरा की नाही, हे इस्पितळातली तीन डॉक्टरांची समिती एकमताने ठरवील. गुरुवारी दुपारी विधानभवनात सुनावणी, कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येईल.

"तीन डॉक्टर..." लिओटा पुटपुटली. "देवा रे! पुन्हा तेच तीन डॉक्टर!"

"कुणाशी बोलतेस गं?" शेजारची बर्निस दार ढकलून आत आली. तिला दार वाजवायची सवय नव्हती आणि ती लागण्याचं वयही उलटून गेलं होतं. "दार सताड उघडं टाकून बसतेस. एखाद्याने उचलून नेलं म्हणजे?"

"मला? दुपारपर्यंत परत आणून सोडील तो."

बर्निस हसली आणि हसता हसता तिची नजर पेपरावर गेली. तिने फोटो पाहिला, खालचं टीडमन हे आडनाव वाचलं, मग लिओटाकडे पाहिलं.

"लिओटा टीडमन! ही सिनेटरबाई तुझी सख्खी बहीण? तेवीस वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहतोय आपण, माझ्या पित्ताशयातल्या खड्यांची संख्यासुद्धा तुला तोंडपाठ आहे, आणि हे मला पेपरातून कळावं?"

"ती मला बहीण मानत नाही, बर्निस."

"का बरं?"

पुढे येऊ पाहणारे अश्रू लिओटाने बाहीने टिपले आणि एवढंच म्हणाली, "गुरुवारी मला विधानभवनात सोडशील? एकदाच बोलायचंय मला... मरायच्या आधी एकदाच!"

*

काय बोलायचं होतं तिला? ते सत्तावन्न वर्षं तिच्या छातीत दगडासारखं पडून होतं.

कोरीन नऊ वर्षांची असताना तिला सांधेताप आला आणि जाताना तो तिच्या हृदयाची एक झडप कायमची अधू करून गेला. पोर नाचरी, गाती, सगळ्या घराचा जीव की प्राण. पण जिना चढली की तिचे ओठ निळसर पडायचे. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. ज्याचं होतं तो लष्करी छावणीतून पत्रांना उत्तर देईनासा झाला. गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि आईला, अ‍ॅग्नेस टीडमनला, बाजूला घेऊन सांगितलं, "अ‍ॅग्नेस, हे हृदय पोर पेलणार नाही. दोघंही जातील."

साल होतं एकोणीसशे सहासष्ट. कायदा सांगत होता की बाईचा जीव वाचवायचा असेल तरच गर्भ काढता येईल, आणि जीव जाणार की नाही हे जिल्ह्याच्या इस्पितळातले तीन डॉक्टर दर मंगळवारी बसून ठरवीत. त्या तिघांसमोर कोरीनला जावं लागलं.

आता आमच्या त्या गव्हाच्या मुलखातली माणसं कशी, हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं दुःख कळायचं नाही. तिथे कण्हणं म्हणजे असभ्यपणा! मळणीयंत्रात हात सापडलेला शेतकरीसुद्धा डॉक्टरला आधी हवापाण्याचं विचारणार, आणि 'कसं काय?' म्हटलं की मरणाच्या दारातला माणूसही म्हणणार, 'बरंय, तक्रार नाही.' त्यातून आमची अ‍ॅग्नेस म्हणजे लुथरन चर्चच्या पहिल्या बाकावरची बाई. तिने लेकीला आदल्या दिवशी बजावलं, "रडगाणं गायचं नाही हं. ताठ बसायचं, विचारतील तेवढंच बोलायचं. मोठी माणसं आहेत ती, त्यांचा वेळ खाऊ नकोस."

आणि त्या गुणी पोरीने आईचं ऐकलं... तंतोतंत ऐकलं! लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून कुणाला अडचण नको, असं म्हणत ती दोन मजले पायी चढून गेली. ओठांचा निळेपणा लपावा म्हणून वळणावर उभी राहून तिने लिपस्टिक लावली. आणि तिघांपैकी एकाने कागदातून मान वर न करता विचारलं, "कशी आहे तब्येत?" तेव्हा कोरीन गोड हसून म्हणाली, "बरी आहे, थँक यू. तक्रार नाही."

तिघांनी लिहिलं, 'सध्या प्राणास धोका आढळत नाही.' बाहेर आल्यावर आईने तिचा हात थोपटला. "छान वागलीस," म्हणाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कोरीनला उशीवर डोकं टेकून झोपता येईना. बसूनच रात्री जाऊ लागल्या. तेव्हा जिने उभ्या आयुष्यात एक रविवार चुकवला नव्हता त्या अ‍ॅग्नेसने कुठूनतरी एक पत्ता मिळवला. नदीपलीकडे, नव्वद मैलांवर, एका बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानामागे एक माणूस होता. तिने गाडी काढली आणि लेकीला तिथे नेलं. आईच ती! डोळ्यांदेखत पोर गुदमरत असताना कुठली आई हात जोडून बसेल? परत आल्यावर चौथ्या दिवशी कोरीनला ताप चढला, पण इस्पितळात नेलं तर पोलीस येणार, या भीतीने आईने आणखी एक दिवस काढला... तो एक दिवस!

लिओटा तेव्हा तेवीस वर्षांची, राजधानीत टेलिफोन खात्यात नोकरीला. आईचा फोन येताच मिळेल ती बस धरून ती आली, तर कोरीनच्या खाटेशी शेरीफचा माणूस वही उघडून बसला होता. डॉक्टर हाताची घडी घालून मागे उभे होते. "कुणी नेलं तुला? नाव सांग, म्हणजे डॉक्टरांना पुढचं काम करता येईल." कोरीन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने नाव सांगितलं नाही. लिओटाला मात्र तिने, तो माणूस पाणी प्यायला उठला तेवढ्यात, तुटक तुटक शब्दांत सारं सांगितलं. त्या तिघांचं, दोन मजल्यांचं, लिपस्टिकचं. "मी चुकले का गं, लिओ?" एवढंच तिने शेवटी विचारलं.

बाहेर बोळात आईने लिओटाचं मनगट आवळून धरलं. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

"मला नेतील, लिओटा. मला तुरुंगात घातलं तर मार्लिसचं काय? दहा वर्षांची आहे ती! बाप नाही तिला. अनाथाश्रमात टाकतील तिला. तू तरुण आहेस, तू बाहेर येशील... तिला माझ्यावाचून कोण आहे?"

"आई, काय बोलतेस तू हे?"

"मी तुझ्या पाया पडते गं!"

आणि खरोखरच ती पडली! मानी अ‍ॅग्नेस टीडमन इस्पितळाच्या फरशीवर गुडघे टेकून बसली. लिओटाला ते पाहवलं नाही. आत जाऊन ती शेरीफच्या माणसाला म्हणाली, "मी नेलं होतं तिला. आईला काही ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरीन गेली. लिओटाला बहिणीच्या दफनालाही जाता आलं नाही.

*

स्त्रियांच्या तुरुंगात तिने अठरा महिने काढले. सुटली त्या दिवशी सरळ घरी गेली. आई जाळीच्या दारापर्यंत आली, पण तिने दाराची कडी काढली नाही.

"मार्लिस शाळेतून येईल एवढ्यात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिला... तिला वाटतं की तूच... मी काय सांगणार होते तिला? लोक बघतायत, लिओटा." मग आत जाऊन तिने एक झाकलेलं भांडं आणलं, दार वीतभर उघडून बाहेर सरकवलं. "बटाट्याचं केलंय. गरम आहे, सांभाळून ने." आणि दार लागलं!

ते भांडं मांडीवर घेऊन लिओटा बसमध्ये ढसाढसा रडली. तुरुंगात जाऊन आलेल्या बाईला टेलिफोन खातं कुठलं उभं करणार? राजधानीतल्या एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ती लागली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. लग्न झालं नाही. एकाने विचारलं होतं, पण आधी सगळं सांगायला हवं असं हिला वाटलं, आणि सांगितल्यावर तो पुन्हा दिसला नाही.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत, ओल्या चादरी यंत्रातून काढत असताना रेडिओवर बातमी आली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निर्णय बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा, सरकारने त्यात पडू नये. सोबतच्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या, एकीने देवाचं नाव घेऊन नाक मुरडलं. लिओटा मात्र चादरींच्या ढिगावर मटकन बसली. सात वर्षं! अवघी सात वर्षं उशीर झाला होता!

आणि त्याच निकालाच्या विरोधात, पुढल्या जानेवारीपासून, आई हातात फलक घेऊन रस्त्यावर उभी राहू लागली. आमच्या लुथरन गावात तेव्हा हा विषय कॅथलिकांचा समजत. पाद्रीबुवा त्यावर चकार शब्द काढत नसत. अ‍ॅग्नेस त्या कॅथलिक बायकांत एकटीच जाऊन बर्फात उभी राहायची, शेजारी किशोरवयीन मार्लिसला घेऊन. पुढे काही वर्षांत वारं फिरलं, सगळी चर्चं या बाजूला आली, पुढाऱ्यांना यात मतं दिसू लागली, आणि जिला वेडी म्हणत तीच अ‍ॅग्नेस गावाची साध्वी झाली. मेलेल्या लेकीची आई! स्वतःच्या काळजातल्या जखमेचा राग तिने असा जगभरच्या पोरींवर काढला, असं मला तरी वाटतं. पण तिच्या रात्री कशा गेल्या ते कुणी पाहिलंय?

दोन हजार एक साली ती गेली, एक अक्षर न बोलता. लिओटा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली होती. प्रार्थना संपल्यावर मार्लिस तरातरा तिच्यापाशी आली. मार्लिस तेव्हा पंचेचाळिशीची, नुकतीच निवडून आलेली.

"इथे यायची लाज नाही वाटली तुला? एकीला तर घेऊन गेलीस. आता हिच्याही मागे आलीस?"

लिओटाच्या जिभेवर सारं आलं होतं. पण समोर आईची शवपेटी होती, आणि मार्लिसचा तो सुजलेला, रडवेला चेहरा, दहा वर्षांच्या पोरीसारखा... ती उठली आणि चर्चच्या तळघरात कॉफी नि हॅम मांडलेलं असताना तशीच उपाशी परत आली.

मागच्या वर्षी जूनमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल पुसून टाकला आणि प्रश्न पुन्हा एकेका राज्याच्या हाती दिला. म्हणून हा कायदा. म्हणून हे तीन डॉक्टर.

*

गुरुवारी विधानभवनाच्या दारात दोन्ही बाजूंचे लोक दाटीने उभे होते. "दोघींच्या वयाची बेरीज दीडशेच्या वर आहे, वाट द्या!" असं ओरडत बर्निसने गर्दी फाडली. आत टेबलावर कार्ड भरायचं होतं. नाव, पत्ता, आणि विधेयकाच्या बाजूने की विरोधात. लिओटाने 'विरोधात'समोर खूण केली आणि तिला वाटलं, आपण आईच्याच विरोधात खूण केली.

उंच व्यासपीठावर मधल्या खुर्चीत मार्लिस बसली होती. सदुसष्ट वर्षांची, चांदीसारखे केस नीट बसवलेले, हनुवटी मात्र थेट आईची. बोलणाऱ्याच्या समोर तीन दिवे होते. हिरवा असेतो बोलायचं, पिवळा लागला की आवरतं घ्यायचं, तांबडा लागला की संपलं. एक पाद्री बोलले. एक तरुण डॉक्टरीण बोलली, "तिघांच्या सह्या जमेपर्यंत रक्त थांबून राहत नाही हो!" म्हणताना तिचा आवाज चिरकला. आणि मग कारकुनाने पुकारलं, "लिओटा टीडमन."

मार्लिसने एकदम मान वर केली. तिच्या हातातलं पेन टेबलावर घरंगळलं.

लिओटा काठी टेकत माइकपाशी गेली. हिरवा दिवा लागला.

"माझं नाव लिओटा टीडमन. ज्या मुलीच्या नावाने हा कायदा करताय तिची मी थोरली बहीण. तिला मी नेलं, म्हणून मी अठरा महिने तुरुंग भोगलाय, तेही तुम्हाला ठाऊक असेल. जे ठाऊक नाही ते सांगायला आले." तिने श्वास घेतला. "माझी कोरीन आधी इस्पितळात गेली होती. नियमाने गेली होती! तीन डॉक्टरांच्या समितीपुढे... तुम्ही आज लिहिलीय तशाच. तिचं हृदय अधू होतं. त्यांनी विचारलं, कशी आहेस? आणि ती म्हणाली, बरी आहे, तक्रार नाही. कारण आपण असंच बोलतो! इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या आजीने याहून वेगळं उत्तर दिलं असतं का? त्यांनी तिच्या सभ्यपणाला निरोगीपणा समजून तिला परत पाठवलं. तिला कुण्या न्हाव्याच्या दुकानाने मारलं नाही. त्या आधी, त्या खोलीतच तिचा निकाल लागला होता..."

पिवळा दिवा लागला.

"एवढंच नाही. सत्तावन्न वर्षं मी एक खोटं बोलत आले. तिला त्या दुकानात मी नेलं नव्हतं. तिला नेलं ते..."

ठक्! मार्लिसचा लाकडी हातोडा टेबलावर आपटला. "वेळ संपली, मिस टीडमन."

माइक बंद झाला. लिओटा ओठ उघडे ठेवून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर दिवा अजून पिवळाच होता.

चार वाजता सिनेटच्या त्या समितीत मतदान झालं. आठ विरुद्ध दोन, विधेयक मंजूर. मार्लिसचं मत बाजूने.

*

बर्निस गाडी आणायला गेली होती. लिओटा दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात, मेलेल्या गव्हर्नरांच्या तसबिरींखाली बाकावर बसली होती. पावलं वाजली, आणि मार्लिस तिच्यासमोर येऊन उभी राहिली. एकटीच.

"दिवा पिवळा होता, मार्लिस," लिओटा मान वर न करता म्हणाली.

"हो."

"माझं अर्धं मिनिट बाकी होतं."

"मला पुढचा शब्द ठाऊक होता, लिओ."

'लिओ!' हे नाव त्या तोंडून तिने सत्तावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने चमकून वर पाहिलं. मार्लिसचा सारा चेहरा विरघळत चालला होता.

"मी गाडीत होते," मार्लिस म्हणाली. "मागच्या सीटवर. घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून आईने मलाही नेलं. रंगवायचं पुस्तक दिलं होतं मला. कोरीन परत आली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली... नव्वद मैल! आई आरशातून माझ्याकडे बघत सारखी सांगत होती, आपण मावशीकडे गेलो होतो, कुणी विचारलं तर मावशीकडे. मला सगळं माहीत होतं, लिओ. पहिल्या दिवसापासून!"

लिओटाच्या हातून काठी निसटून फरशीवर पडली. जिच्यासाठी आपण आयुष्य जाळलं, जिला कधी कळू नये म्हणून ओठ शिवून घेतले, तिला... माहीत होतं?

"तू दहा वर्षांची होतीस," ती कशीबशी म्हणाली.

"दहाची होते तेव्हा दहाची होते! नंतर वीसची झाले, चाळीसची झाले. आईच्या दफनाला तुला हाकलून दिलं तेव्हा पंचेचाळीसची होते. नको म्हणूस मला लहान!" आणि सिनेटर मार्लिस हॅगन थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांशी कोसळून हुंदके देऊ लागली. "तुझ्याकडे बघितलं की मला माझंच तोंड दिसायचं. म्हणून तुझा द्वेष केला. ते सोपं होतं गं... मला क्षमा कर!"

लिओटाचा हात आपोआप त्या चांदीसारख्या केसांवर गेला. राग यायला हवा होता तिला. रागाने तिचं म्हातारं शरीर थरथरायला हवं होतं! पण एवढ्या वर्षांत कुणी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं नव्हतं. ती नुसती रडत राहिली.

"मग आज तरी 'नाही' म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "ते तीन डॉक्टर तरी..."

"मला ते ठाऊक नव्हतं! कोरीन समितीपुढे गेली होती हे आई कधी बोललीच नाही. आज तुझ्या तोंडून कळलं. मी ते कलम दया म्हणून घातलं होतं, लिओ. कोरीनसारख्या एखादीला वाट मिळावी म्हणून. तिच्यासाठीच घातलं होतं!"

"मग काढून टाक. अजून पूर्ण सभागृहापुढे जायचंय ना विधेयक?"

मार्लिसने मान हलवली. "काढलं तर त्यांना हवंच आहे. माझ्याच पक्षातल्या डनलॅपच्या मसुद्यात अपवादच नाही, एकही नाही. जिवाचाही नाही. हे तीन डॉक्टर पदरात पाडून घेताना माझी अर्धी पत गेली. उद्या मी पडले तर विधेयक डनलॅपच्या हातात जाईल, आणि तो ती चिमूटभर फटसुद्धा बुजवून टाकील." तिने डोळे पुसले, खाली दाराकडे पाहिलं. पुढचं बोलताना तिचा आवाज पार खोल गेला. "खाली पत्रकार उभे आहेत. तू वाक्य अर्धं सोडलंस, म्हणून थांबलेत. तू खरं सांगितलंस तर मी आजच संपले. सांगू नको म्हणायचा मला हक्क नाही. पुन्हा एकदा तुझ्याकडे हे मागायचा या घराला हक्कच नाही..."

तिने मागितलं नाही. पण लिओटाला कळलं. ज्या तीन खुर्च्यांनी कोरीनला मारलं, त्याच आता राखायच्या होत्या. कारण त्याही गेल्या, तर पुढच्या कोरीनला त्या खोलीचं दारसुद्धा दिसणार नव्हतं. बोललं तरी पोरी मरणार, न बोललं तरी मरणार. एखादीच, कण्हायची लाज न वाटणारी एखादीच, कदाचित वाचणार. एवढ्यासाठी?

"ऊठ," ती म्हणाली. "माझी काठी दे."

दोघी एकमेकींचा हात धरून जिना उतरल्या. लोक बघत होते, कुणी कुजबुजत होतं. दारापाशी एक तरुण बातमीदार मुलगी माइक घेऊन पुढे धावली. "मिस टीडमन, तुम्हाला बोलू दिलं नाही! तुमच्या बहिणीला त्या दिवशी कुणी नेलं होतं?"

लिओटा थांबली. मार्लिसची बोटं तिच्या मुठीत बर्फासारखी गार पडली होती. रस्त्यापलीकडे बर्निस गाडीचा भोंगा वाजवत होती. समोरच्या मुलीचं वय असेल एकवीस-बावीस. तिचे डोळे मोठे होते आणि उत्तराची ती अगदी मनापासून वाट पाहत होती.

"मी," लिओटा म्हणाली. "आत म्हातारीची जीभ घसरली. मीच नेलं होतं."

मुलीने ते लिहून घेतलं. मार्लिसने बहिणीचा हात आणखी घट्ट धरला, आणि ती काहीच बोलली नाही.